ओपन हार्ट ऑपरेशननंतर छातीचं इन्फेक्शन टाळण्यासाठी: तारीख मिळाल्यापासून पुढचे तीन महिने

ओपन हार्ट ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या घरची माणसं मला पहिला प्रश्न विचारतात तो हा: "आता किती दिवस पूर्ण आराम?" हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यामागची माया मला लगेच कळते. माणूस एवढ्या मोठ्या दिव्यातून बाहेर आलाय, त्याला आता हात लावू नये, हलवू नये, असं वाटणारच. पण छातीत इन्फेक्शन होण्याचं एक मोठं कारण हे पडून राहणंच असतं. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: आराम हाडाला द्या, फुप्फुसांना नको.

छातीचं इन्फेक्शन म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घालतो. एक फुप्फुसातलं, म्हणजे न्यूमोनिया. हा बहुधा पहिल्या आठवड्यात, आयसीयूत किंवा वॉर्डात असतानाच डोकं वर काढतो. दुसरं जखमेचं. ते नुसतं कातडीपुरतं राहू शकतं, नाहीतर खाली छातीच्या हाडापर्यंत आणि त्याच्याही मागे, हृदयाच्या आसपास उतरू शकतं. हे खोलवरचं इन्फेक्शन साधारण शंभरात एक-दोघांना होतं, पण झालं तर छाती पुन्हा उघडावी लागते, कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चालतं आणि जिवावरही बेतू शकतं. ते पुष्कळदा घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतं. तेव्हा आजूबाजूला सिस्टर नसतात, तुम्ही असता.

या दोन्हींपासून वाचायचं तर एकाच छातीकडून दोन उलट गोष्टी करून घ्याव्या लागतात. फुप्फुसाला मोठा श्वास, खोकला, चालणं हवं असतं. हाडाला मात्र कुणी ओढू नये, ताणू नये असं वाटत असतं. दोघांनाही राजी कसं ठेवायचं, ते पुढे सांगते.

आत काय झालेलं असतं

बायपास किंवा व्हॉल्व्हच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात. काम झालं की दोन्ही भाग स्टेनलेस स्टीलच्या तारांनी एकत्र बांधतात. या तारा सहसा आयुष्यभर आतच राहतात. हाड मात्र आपल्या वेगानेच सांधतं. सहा ते आठ आठवड्यांत ते बऱ्यापैकी धरतं आणि पुरती ताकद यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. या काळात दोन्ही कडा एकमेकींवर घासत राहिल्या, तर त्या फटीत जंतूंना आयती जागा मिळते.

फुप्फुसांची गोष्ट वेगळी. हृदय-फुप्फुस यंत्रावर असताना रक्तात प्राणवायू मिसळण्याचं काम ते यंत्र करतं. तोवर फुप्फुसं बहुतेक वेळ बंदच असतात आणि त्यांचा काही भाग मिटून जातो. भुलीच्या औषधांनी श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे बारीक केस मंदावतात. शुद्धीवर आल्यावर दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो आणि खोकायला घाबरतो. मिटलेल्या भागात कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात. बायपासमध्ये छातीच्या आतल्या बाजूची डावी रक्तवाहिनी काढून वापरलेली असेल, तर डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग जास्त रेंगाळतो. सकाळच्या राउंडला डॉक्टर डाव्या पाठीवर पुन्हा पुन्हा स्टेथोस्कोप लावतात, त्यामागे हेही कारण असतं.

ऑपरेशनची तारीख मिळाली की

अचानक अटॅक येऊन तातडीने ऑपरेशन झालं असेल, तर हा भाग सोडून पुढे जा. पण दोन-चार आठवडे हातात असतील, तर ते सोन्यासारखे आहेत.

सिगारेट-बिडी आजच बंद करायची. निदान चार आठवडे आधी सुटली तर फुप्फुसांना सावरायला वेळ मिळतो. पण हातात आठच दिवस असले तरी "आता सोडून काय उपयोग" असं म्हणू नका. तंबाखू, गुटखा, मिश्री हेही बंद. खराब हिरड्या आणि किडलेल्या दातांतले जंतू झोपेत किंवा भुलीत लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर हेच जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. म्हणून डेंटिस्टकडे आधी एक फेरी मारा आणि जे काढायचं, भरायचं असेल ते सर्जनला विचारून उरकून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवसांत क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करायला सांगतात, त्याही याचसाठी.

श्वासाचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावेत असा माझा आग्रह असतो. दुखत असताना नवीन काही शिकणं फार अवघड जातं. नेदरलँड्समधला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बायपास व्हायच्या आणि फुप्फुसाच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या २७९ पेशंटपैकी निम्म्यांकडून ऑपरेशनच्या आधी किमान दोन आठवडे रोज श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो केला नव्हता त्यांच्यात नंतर न्यूमोनिया १६ टक्क्यांना झाला, केलेल्यांमध्ये साडेसहा टक्क्यांना. रोजची वीस मिनिटं आणि एवढा फरक!

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा रक्तातला आकडा, तपासून घ्या. तो सातच्या खाली असलेला चांगला. तेवढा खाली आणायला वेळ नसेल, तर निदान रोजची साखर तरी काबूत आणायला लागा. माहीत नसलेला मधुमेहही या तपासणीत सापडतो, आणि असे पेशंट कमी नसतात.

अंगावर कुठे गळू, नखुरडं, जांघेत किंवा स्तनांखाली खरूज-नायट्यासारखं काही, लघवीला जळजळ, सर्दी-खोकला असेल तर सांगून टाका. "तारीख पुढे जाईल" म्हणून लपवणारे पुष्कळ असतात. तारीख आठ दिवस पुढे गेलेली परवडते. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने किंवा रेझरने काढू नका. दिसणारही नाहीत अशा बारीक चिरा पडतात आणि जंतू त्यातूनच आत शिरतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी सांगितलेल्या औषधी साबणाने आंघोळ करायची. काही ठिकाणी नाकात लावायला मलम देतात. आपल्यापैकी अनेकांच्या नाकात एक जंतू निवांत राहत असतो, जखमेत गेला की तोच त्रास देतो. मलम म्हणून क्षुल्लक वाटेल, पण ते चुकवू नका.

आणि अँटिबायोटिकविषयी. पहिला डोस चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात देतात (काही औषधं थोडी आधी सुरू करावी लागतात) आणि साधारण ४८ तासांच्या आत ते थांबवतात. नातेवाईक विचारतात, "इतक्या लवकर बंद केलं? आणखी चार दिवस स्ट्राँग चालू ठेवा ना." त्याने इन्फेक्शन टळत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

आयसीयूतले दिवस

इथे बरंचसं काम हॉस्पिटलचं असतं. तरी तीन गोष्टींवर तुमचं लक्ष हवं.

पहिली, दुखणं. वेदना सहन करणं ही बहादुरी नाही. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि न्यूमोनियाची वाट मोकळी होते. पेशंट संकोचाने गप्प बसत असेल तर तुम्ही सिस्टरला सांगा. वेदनाशामक ठरल्या वेळी घ्या. व्यायामाच्या अर्धा तास आधी ते पोटात गेलेलं असेल, तर माझं आणि पेशंटचं, दोघांचंही काम सोपं होतं.

दुसरी, उठून बसणं. श्वासाची नळी निघाली आणि तब्येत स्थिर असली की शक्यतो दुसऱ्याच दिवशी पेशंटला खुर्चीत बसवतात आणि मग काही पावलं चालवतात. नळ्या लोंबत असतात, चेहरा ओढलेला असतो. ते पाहून नातेवाईक हात जोडतात, "आज राहू द्या हो मॅडम." राहू देऊ नये. आडवं पडलं की पोट वर सरकून फुप्फुसाचा खालचा भाग दाबतं. नुसतं ताठ बसलं तरी तिथे हवा पोचायला लागते. पलंगावर असतानाही डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवलेली असावी.

तिसरी गोष्ट भरवणं, आणि हिच्याबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. घशात नळी राहिल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस गिळण्याचा ताल बिघडलेला असू शकतो. अशा वेळी आडवं झोपवून, मान मागे करून फीडिंग कपने पेज नाहीतर शहाळ्याचं पाणी घशात ओतलं, तर ते श्वासनलिकेत जातं. पूर्ण ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, छोटा घोट, तो गिळल्यावरच दुसरा. गिळताना ठसका लागत असेल, घास घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरीत येत असेल, तर भरवणं थांबवून सिस्टरला बोलवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पेशंट काही खात नसला तरी दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करायचं. कवळी असेल तर काढून घासायची.

श्वास कसा घ्यायचा

बहुतेकांना तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, देतात. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे: लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं आहे, शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने ओढतो तसं.

खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला ताठ बसा. आधी तोंडाने श्वास सोडून छाती रिकामी करा. नळीचं टोक ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. गोळी वर गेली की ती दोन-तीन सेकंद तिथेच तरंगत ठेवायची. मग टोक काढून आरामात श्वास सोडा आणि दोन साधे श्वास घ्या. असे दहा श्वास, जागे असताना दर तासाला. एका दमात बसून पन्नास केले तर चक्कर येते आणि उपयोगही कमी होतो. यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. तो हवेचा वेग असतो, मार्क नसतात. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवणाऱ्यापेक्षा एकच गोळी हळूहळू वर नेऊन धरून ठेवणाऱ्याच्या फुप्फुसात हवा जास्त खोल पोचते. घरी दोन भाऊ पैज लावून गोळ्या उडवत बसतात, त्यांनाही मी हेच सांगते.

यंत्र हरवलं किंवा मिळालंच नाही तर घाबरू नका. एक हात पोटावर ठेवून नाकाने खोल श्वास घ्या, तीन आकडे मोजेपर्यंत धरा, आणि ओठांचा चंबू करून सोडा. हे मनापासून केलं आणि जोडीला रोज चाललात, तर नुसतं यंत्र ओढण्यापेक्षा ते कमी नाही. यंत्राचा खरा फायदा म्हणजे ते डोळ्यांसमोर राहून आठवण करून देतं. टोक रोज धुवा, आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला देऊ नका.

खोकला दाबू नका, त्याला आधार द्या

"खोकलं तर टाके तुटतील" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. तारा मजबूत असतात. आधार देऊन खोकलं तर काही होत नाही. दाबून ठेवलेला कफ मात्र फार महागात पडतो.

एक लहान, जरा कडक उशी कायम हाताशी ठेवा. घरचा टॉवेल घट्ट गुंडाळला तरी चालतो. खोकला आला की उशी छातीवर उभी धरायची, दोन्ही हातांनी मिठी मारायची आणि कोपरं बरगड्यांना चिकटवायची. दोन-तीन खोल श्वास घ्या. मग लगेच खोकू नका. आधी आरशावर वाफ धरावी तसं तोंड उघडून ‘हा...’ करत हवा जोरात बाहेर सोडा. असं दोन-तीनदा केलं की खोल अडकलेला कफ घशाजवळ येतो आणि मग एक-दोन छोटे, आधार दिलेले खोकले पुरतात. कफ गिळू नका, टिश्यूवर काढून त्याचा रंग बघा. शिंक येतानाही हीच उशी, हीच मिठी. हसताना, उचकी लागल्यावर, आणि परतीच्या गाडीत सीटबेल्ट आणि छातीच्या मध्येसुद्धा तीच ठेवा.

खोकला थांबवणारं सिरप मनाने आणून घेऊ नका, ते कफ आतच ठेवतं. वाफ घ्यायला हरकत नाही, पण उकळत्या पातेल्यावर डोकं धरून नाही. अशक्तपणात तोल जाऊन पेशंट भाजतात. आणि छातीला बाम चोळणं तर अजिबात नको, तिथे ताजी जखम आहे.

छातीला बांधायचा पट्टा दिला असेल, तर तो खोकताना आणि चालताना आधाराला. इतका करकचून बांधू नका की बरगड्या फुलणारच नाहीत. मग फुप्फुसांसाठी केलेली सगळी मेहनत वाया जाते.

उठताना, बसताना, उचलताना

आता हाडाची बाजू. इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने होतं. मुलगा वडिलांचे दोन्ही हात धरून त्यांना ओढून बसतं करतो, नाहीतर काखेत हात घालून उचलतो. त्या वेळी छातीच्या दोन्ही अर्ध्यांना उलट दिशांना हिसका बसतो.

असं उठवा: पेशंटने दोन्ही गुडघे वाकवायचे, उशीला मिठी मारायची आणि खांदे-कंबर एकदम वळवून लाकडाच्या ओंडक्यासारखं कुशीवर यायचं. पाय पलंगाखाली सोडायचे. पायांच्या वजनाने धड आपोआप वर येऊ लागतं, तेव्हा मदत करणाऱ्याने पाठीमागून, खांद्याच्या फऱ्याखाली तळहात लावून आधार द्यायचा. हाताला धरायचं नाही. खुर्चीतून उठताना पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे जाईल एवढं वाका आणि मांड्यांच्या जोरावर उठा. खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा नाही. म्हणून खोल सोफा, जमिनीवरची पंगत, पाट, खाली गादी हे सगळं दीड-दोन महिने बंद. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची डिस्चार्जच्या आधीच आणून ठेवा. भिंतीला धरून उठताना नेमका एका हातावर जोर येतो.

साधारण चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. आकडा पटकन विसरला जातो, म्हणून नावंच सांगते: भरलेली कळशी, पाण्याची अर्धी बादली, पिठाचा डबा, काठोकाठ भरलेला कुकर, आणि ज्यासाठी सगळ्यांचा जीव तुटतो तो नातू. नातवाला तुम्ही बसलेले असताना शेजारी बसवा, मांडीवर चढू देऊ नका. चादरी पिळणं, कणीक तिंबणं, हापसा मारणं, जड दरवाजा किंवा शटर ओढणं, बसमध्ये वरचा दांडा धरून उभं राहणं नको. गाडी चालवणं साधारण सहा आठवडे बंद आणि दुचाकी त्याहून उशिरा, सर्जनने छाती तपासून परवानगी दिल्यावरच. देवाला साष्टांग नमस्कारही तीन महिन्यांनीच.

याचा अर्थ हात बांधून ठेवायचे असा नाही. काही पेशंट इतके घाबरतात की महिनाभर हातच वर करत नाहीत आणि खांदा आखडून बसतो. कोपर अंगालगत ठेवून जेवणं, केस विंचरणं, सदरा घालणं, खांदे गोल फिरवणं हे पहिल्यापासून करायचं. दुखेल तिथे थांबायचं. चालणंही रोजचं. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग हळूहळू वाढवत न्यायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त झाला.

बायकांसाठी एक गोष्ट, जी लाजेमुळे राहून जाते. स्तनांचं वजन जखमेच्या दोन्ही कडा बाहेर ओढतं, भारी असतील तर जास्तच. जखमेला लागेल म्हणून ब्रा न घालणं उलट तोट्याचं. पुढून हुक असलेली, तार नसलेली, मऊ सुती ब्रा सर्जनला विचारून लवकर सुरू करा, हवं तर झोपतानाही. स्तनांखालची घडी रोज कोरडी करा, घाम साचून तिथली कातडी सोलवटते.

शौचाला कुंथायला लागू नये हेही सांभाळा. वेदनाशामकांपैकी काहींनी बद्धकोष्ठता होते. इसबगोल किंवा दिलेलं औषध वेळेवर घ्या.

जखमेला काय लावायचं

काहीही नाही. हळद नाही, खोबरेल नाही, अंगारा नाही, पावडर नाही, मेडिकलमधून आणलेलं मलमही नाही. जे सांगितलं असेल तेवढंच.

जखमेला किंवा ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. पेशंटनेही. आंघोळीची परवानगी मिळाली की स्टुलावर बसून कोमट पाणी खांद्यावरून वाहू द्या. साधा साबण हाताला लावून हलकेच फिरवा, घासणी नको. जखमेसाठी वेगळा, धुतलेला पंचा ठेवा आणि टिपून घ्या, पुसू नका. खपल्या काढू नका. टबात, विहिरीत, नदीत उतरणं पूर्ण बरं होईपर्यंत बंद.

गळ्यातलं काढा. हे सांगितलं की घरात थोडी कुजबुज होते, पण मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या जखमेच्या वरच्या टोकावर येऊन घासतात. जानवं, रुद्राक्षांची माळ, ताईत यांचंही तसंच, शिवाय त्यात घाम आणि मळ साचतो. मंगळसूत्र काढवत नसेल तर वाटी जखमेला टेकणार नाही असं आखूड करून घ्या. एक आजी हे ऐकून म्हणाल्या होत्या, "यांच्यासाठीच घालते ना, मग यांनाच विचारते." आजोबांनी स्वतःच्या हाताने काढून ठेवलं.

पायातून शीर काढली असेल तर पायाची जखमही याच नियमांनी सांभाळायची. बसल्यावर पाय वर ठेवायचा. तिथलं इन्फेक्शन लोक फार हलकं घेतात.

ताट आणि साखर

जखम भरायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. मऊ भात, पेज आणि चहा-बिस्किटं यावर हे निघत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर पंचवीस, मासा किंवा चिकन शंभर ग्रॅमला वीसच्या वर. वाटीभर घट्ट वरणाने पाच-सहाच ग्रॅम मिळतात, म्हणून शाकाहारी घरात दोन्ही वेळा वरण, वर उसळ, दही, पनीर असं जाणूनबुजून वाढावं लागतं. या काळात संकष्टी-एकादशी नकोच. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यासारखीच आणि साखर मात्र झपाट्याने चढते.

साखर १८० च्या वर राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. ऑपरेशनच्या ताणाने साखर नेहमीपेक्षा वाढते, मधुमेह नसलेल्यांचीही. घरी ग्लुकोमीटरवर आकडे लिहून ठेवा आणि सतत वर असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा.

बघायला येणारी माणसं

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे नातं जपणं असतं. ते मी मोडायला सांगत नाही, पण पहिला महिना फोनवर भेटा. आलेच तर एका वेळी दोघं, दारातच हात धुऊन, पलंगावर न बसता, दहा मिनिटं. सर्दी-ताप असलेल्यांनी आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या शेंबड्या मुलांनी अजिबात नको. घरातल्याच कुणाला सर्दी झाली तर त्याने मास्क लावावा आणि शक्यतो वेगळ्या खोलीत झोपावं. घरात सिगारेट, चुलीचा धूर, धूप, उदबत्ती, मच्छरची कॉइल नको. दिवाळी आली असेल तर फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घेतलेल्या नसतील, तर कधी घ्यायच्या हे पहिल्याच तपासणीला विचारा. फ्लूची लस घरातल्या बाकीच्यांनीही घ्यावी.

फोन कधी करायचा

घरी आल्यापासून रोज सकाळी चार गोष्टी वहीत लिहा: ताप, वजन, ऑक्सिमीटरचा आकडा आणि साखर. जखमेचा रोज त्याच उजेडात एक फोटो काढा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की फरक लगेच दिसतो. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हाताची मागची बाजू जखमेजवळ, कातडीला न टेकवता धरून गरम लागतंय का ते बघा, कडा फुगल्यात का ते बघा.

त्याच दिवशी कळवायचं ते हे: ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर. जखमेतून पाणी, पू किंवा वास. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला कफ. श्वास घेताना एका बाजूला टोचणं. ऑक्सिजन डिस्चार्जच्या वेळच्या आकड्यापेक्षा घसरून ९२ च्या खाली राहणं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. हे वजन पाण्याचं असतं. पूर्ण वाक्य बोलता न येण्याएवढी धाप, ऑक्सिजन ९० च्या खाली, ओठ निळे, किंवा म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनियाचा ताप कधी कधी येतच नाही, आधी गोंधळलेपण येतं.

आणि एक खूण जी लोक सोडून देतात. खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीत "कट्" असा आवाज येणं, हाड सरकल्यासारखं वाटणं. एक काका तिसऱ्या आठवड्यात आले होते. जखम वरून कोरडी, म्हणून दहा दिवस घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. आत हाड सुटलेलं होतं आणि खाली पू होता. पुन्हा ऑपरेशन झालं, दीड महिना हॉस्पिटलमध्ये गेला. ते बरे झाले, पण ते दहा दिवस मला अजून टोचतात. डिस्चार्जच्या वेळी या आवाजाबद्दल त्यांना मीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला घरी सोडताना मी हे म्हणून दाखवायला लावते.

शेवटचं, गावाकडून येणाऱ्यांसाठी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालेले कितीतरी पेशंट दूरच्या तालुक्यांतून येतात. जखम ओली झाली की जवळच्या दवाखान्यात जाऊन एक अँटिबायोटिकची पट्टी घेणं त्यांना सोपं वाटतं. तिथल्या डॉक्टरांना जरूर दाखवा, पण ऑपरेशन केलेल्या सर्जनला त्याच दिवशी फोटो पाठवा, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी जखमेतल्या स्रावाचा नमुना कल्चरला (जंतू कोणता ते ओळखणाऱ्या तपासणीला) घ्यायला सांगा. औषध आधी पोटात गेलं की पुष्कळदा जंतू रिपोर्टमध्ये सापडतच नाही आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. व्हॉल्व्ह बदललेला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणतंही अँटिबायोटिक घेण्याआधी त्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा. अनेक अँटिबायोटिकांनी तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. डिस्चार्ज कार्डाचे सगळ्या पानांचे फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि सर्जनच्या वॉर्डाचा नंबर कार्डावर लिहिलेला नसेल तर निघण्याआधी सिस्टरकडून लिहून घ्या.